फ्रिजच्या दारातलं पाणी

तीर्थस्वरूप अक्का,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांना वेगळा. बरे आहेत ना?) भावोजींचा खोकला एव्हाना दमला असेल अशी आशा आहे. इकडे सगळं क्षेम. फक्त माझी बोटं अजून बधिर आहेत, तेव्हा अक्षराकडे दुर्लक्ष कर.

त्याचं असं झालं. आमच्या नव्या फ्रिजच्या दारातूनच गार पाणी आणि बर्फ मिळतो. परवा सकाळी पेला लावला तर पाणी थेंब थेंब, आणि बर्फाचा पत्ताच नाही. "मेकॅनिकला फोन करते, तुम्ही हात लावू नका," असं बजावून ही कामावर गेली. आता मला सांग, निवृत्त नवरा घरात धडधाकट असताना मेकॅनिक कशाला? अख्खी नोकरी मी पाण्याच्या पंपांवर काढली. गावभर पाणी चढवलेल्या माणसाचं एक दार ऐकणार नाही?

फ्रिजची माहितीपुस्तिका उघडली. आधी म्हणे दारातलं पाणी बंद ठेवणारं कुलपाचं बटण तपासा. तपासलं. मग गाळणी काढून परत बसवा. बसवली. (थोडं पाणी भाज्यांच्या खणात गेलं, पण भाज्या धुवायच्याच होत्या.) पुढचं पान वाचायचं तर चष्मा सापडेना, आणि स्वस्थ बसणं मला जमत नाही, हे तू जाणतेसच. बर्फ येतो त्या तोंडात सरळ पळीचा दांडा घातला. आत काहीतरी कट्कन वाजलं, अडलेला गठ्ठा सुटला आणि बर्फ धडाधड येऊ लागला. पेला भरला, पातेलं भरलं, परात भरली, तरी थांबेना! शेवटी दोन्ही तळवे लावून उभा राहिलो. तेवढ्यात दारावरची बेल, ही कामावरून परतली होती. दार उघडावं तर फरशीवर बर्फ, बर्फ धरावा तर ही बाहेर. "हात गुंतलेत!" असं आतूनच ओरडलो.

अखेर पर्समधली किल्ली शोधून ही आत आली. माझ्याकडे पाहिलं, बर्फातून जपून पावलं टाकत गेली आणि भिंतीवरचा स्विच बंद केला. बस, इतकंच. मग फ्रिज पुढे ओढायला लावून मागे डोकावली.

"अहो, पाण्याची नळी चेपलीय. पुसायला म्हणून सरकवलात आणि भिंतीला टेकवून ठेवलात."

तिने नळी सरळ केली. बर्फाच्या तोंडातली अडकलेली झडपही तिनेच बोटाने मोकळी केली, आणि स्विच लावून पेला धरताच पाण्याची धार लागली. फरशी पुसता पुसता हळूच म्हणाली, "घरात करमत नाही ना तुम्हाला?" मी म्हटलं, छे! वेळ कसा जातो कळतसुद्धा नाही.

आता फ्रिज ठणठणीत आहे. (खात्रीसाठी मी सारखा पाणी पितोय, पुढचे परिणाम लिहीत नाही.) माझी काळजी नसावी.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. तुझ्याकडे नळ गळत असेल, पंखा कुरकुरत असेल तर परक्याला बोलावू नकोस. मी येतो.

आणखी एक ता. क. काही बिघडलेलं नसलं तरी कळव. मी आल्यावर निघेलच काहीतरी.

(ही ओळ माझी, तुमच्या भावजयीची.) वन्सं, ह्यांना लवकर बोलवा. सकाळपासून वॉशिंग मशीनभोवती घिरट्या घालताहेत.