पाणंदीकडच्या सऱ्या

१० नोव्हेंबर
दिवाळीची सुट्टी संपली. शाळेत भात चढवला, वाटाण्याची आमटी केली. मळ्यातल्या शालनची रेश्मी आली न्हाय. सातवीतली पोरगी, कधी खाडा न्हाय तिचा. सरांनी गैरहजर लावली, झालं काम. वर्गात मोठा टीव्ही आलाय नवा. बघायला पोरगी नको?

११ नोव्हेंबर
मळ्यात गेलते शालनकडं. शाळेला यायची वाट ती पाणंदच, दोन्ही अंगानं ऊस, डोक्याच्या वर. दुपारचं पण अंधारल्यागत. एका अंगाला आमचा, दुसऱ्या अंगाला थोरल्या दिराचा.
लोक म्हणत्यात बिबट्या हाय. शालन भाकरी थापत म्हणाली, "बिबट्याचं भ्या न्हाय वैनी. बिबट्या शीळ घालत न्हाय."
कोण ते पोरगी सांगंना. ऊस जाईपर्यंत घरात ऱ्हाऊ दे, म्हणती. ऊस जायचा फेब्रुवारीत. तवर पोरगी भांडी घासणार. मग म्हणणार मागं पडली, आता कशाला शाळा. मला चौथीतनं अशीच...

१३ नोव्हें.
कारखान्याच्या माणसाला म्हटलं, तोडणीची टोळी आधी धाडा. म्हणतो, नंबरानं. सरांना म्हटलं. पाणंद शाळेच्या हद्दीत येत न्हाय म्हणाले. बरं.

रविवार
कोयता घेतला. आमच्या पाणंदीकडच्या सऱ्या आडव्या केल्या. मालक तापले. "ऊस कारखान्याला घालायचा का म्हशीला?"
म्हशीला, म्हटलं. ती नंबर लावत न्हाय.
रात्री जेवले न्हाईत. सकाळी दोन भाकरी जादा खाल्ल्या.

१७ नोव्हें.
शालन बघून गेली. एक बाजू मोकळी झाली वैनी, दुसरीचं काय, म्हणाली. खरं हाय.
दिराकडं गेले. ऐकून घेतलं, तंबाखू मळली, मग म्हणाले, "तुझी पोरगी हाय का ती?"
कुणाची तरी हायच की. उठून आले.

१८ नोव्हें.
भात चढवायच्या आधी दिराच्या उसात शिरले. न विचारता. दीर बांधावर येऊन उभे ऱ्हायले. शिव्या न्हाईत, काय न्हाय. बघितलं आणि गेले. त्याचंच जास्त भ्या वाटतंय.
पाल्यानं हात कापलेत, पेन धरवंना.
पाणंदीच्या त्या टोकाला शालन, हाताला रेश्मी, पाठीवर दप्तर. मी हाक मारली, ये की, मी हाय हितं. शालननं पोरीचा हात सोडला न्हाय. पण घराकडं वळली पण न्हाय.
दिराच्या अंगाचा निम्मा ऊस अजून उभा हाय.