बांधावरून चालणारं पिल्लू

बाबा, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की आता वयाने मीच तुझ्यापेक्षा मोठी झालेय. तू मला शाळेत घातलं नाहीस त्याचा राग नाही. गोणींवरचे छापे आणि वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचत वाचत मी आपली आपण शिकले. अक्षर वाकडंतिकडं आहे, सांभाळून घे. मला एडनबद्दल बोलायचंय.

आपल्या गावच्या खारीत, मिठागरावर असताना तू कुत्र्यांचा वैरी होतास. मिठागराचा तळ म्हणजे काय, हे आता आमच्या आजूबाजूच्या बिल्डिंगीतल्या लोकांना सांगूनही कळत नाही. ओल्या मातीवर दहा-बारा माणसं खांद्यावर हात टाकून ओळीने उभी राहायची आणि पायांनी तुडवत राहायची, दिवसचे दिवस, तळ थाळीसारखा गुळगुळीत होईस्तोवर. मग पाणी सोडेपर्यंत त्या वाफ्यात कुणी पाऊल घालायचं नाही. घातलं तर खळगा पडतो आणि तिथलं मीठ चिखल घेऊन काळं निघतं. तुझ्या वाफ्यातलं मीठ आजूबाजूच्या सगळ्या गावांत पांढरं म्हणून ओळखलं जायचं. बांधावर कुत्रं दिसलं की तुझ्या हातात ढेकूळ तयार असायचं, आणि नेम कधी चुकायचा नाही.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोनेक वर्षं आधी अरबस्तानातल्या एडनच्या मिठागराला जाणता मुकादम हवा होता म्हणून तुला नेलं, आणि तुझ्या मागोमाग आय नि मी. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची. झाड नाही, पाखरू ओळखीचं नाही, तुझ्याबरोबर गावाकडून आलेले गडी सोडले तर बोलायला आपलं माणूस नाही. एका दुपारी मी तुझी भाकरी घेऊन बांधावर येतेय, आणि बघते तर तुझ्या नव्याकोऱ्या वाफ्याच्या मधोमध एक पिवळट पिल्लू उभं. मागे पावलांची रांगच्या रांग. सगळी माणसं कामं टाकून तुझ्या तोंडाकडे बघतायत.

"कोनाचा हाय रं यो?" तू ओरडलास.

"कोनाचाच न्हाय, मुकादम. भटका हाय."

तू ढेकूळ उचललंस. तेवढ्यात ते पिल्लू मटकन बसलं आणि पंजा चाटायला लागलं. खारट चिखलाने त्याचे पाय फाटले होते. चाटलं की झोंबायचं, झोंबलं की ते कळवळायचं, आणि पुन्हा चाटायचं. तू बघत राहिलास. ढेकूळ तुझ्या मुठीतच फुटलं. मग मिठाची रिकामी टोपली घेऊन तू वाफ्यात उतरलास. तू! पोटच्या पोरीला कडेचा चिखलसुद्धा शिवू न देणारा माणूस स्वतःच्या तळावर स्वतःची पावलं उमटवत गेला आणि पिल्लू टोपलीत घालून घेऊन आला. "तल मी एकटा तुरवीन," एवढंच म्हणालास. चार दिवस तू एकट्याने तो वाफा तुडवलास. मदतीला आलेल्यांना हाताने परत पाठवलंस. माणसं एकमेकांना कोपराने ढोसून हसत होती, पण चौथ्या दिवशी कुणी हसत नव्हतं.

संध्याकाळी स्वतःच्या टाचांच्या भेगांना खोबरेल लावायला बसायचास, तेव्हा आधी त्याच्या पंज्यांना लावायचास. गोडं पाणी उंटाच्या गाडीवरून यायचं, घरटी मोजून. आय किती तडकायची! "पोरीचं केस धुवायला पानी न्हाय, नि कुत्र्याला वाटी?"

"माझ्यातलं देतंय गो."

"नि तुला तान लागली मंजे?"

"मंग तू हायसच की तुझ्यातलं द्यायला."

आय तोंड फिरवून हसायची. तुला दिसू द्यायची नाही, मला दिसायचं.

मग तू त्याला बांधावरून चालायला शिकवलंस. सकाळी तू पुढे, मागे ते. घसरून वाफ्यात पाय गेला की तू थांबायचास, मारायचा नाहीस, नुसता थांबायचास. ते वर चढलं की पुन्हा चालू. पंधरा दिवसांत असं झालं की पाण्यावरच्या पाखरांमागे सुसाट पळायचं, पण बांध सोडून नाही. माणसं म्हणायची, "मुकादम, याची हजेरी मांडा आता." बाबा, मी पुढे चार पोरं वाढवली. हात उगारायची वेळ आली की मला बांधावर नुसता थांबलेला तू दिसायचास. नेहमी जमलं असं नाही, पण दिसायचास.

तीन वर्षांत मिठावरच्या त्या पांढऱ्या उजेडाने तुझे डोळे खाल्ले. डॉक्टर म्हणाला, आता घरी जा. बोटीवर कुत्रं घेत नव्हते. जन्मात कुणापुढे न वाकलेला तू, डोक्याचं फडकं काढून त्या कारकुनापुढे उभा राहिलास. "पायाशी बसवीन, सायब. भुंकायचा न्हाय." त्याने मानसुद्धा वर केली नाही. शेवटी तू पिल्लाला, म्हणजे तेव्हा चांगलं थोराड झालेल्या त्या कुत्र्याला, पाण्याच्या गाडीवाल्याकडे दिलंस. त्याने दावणीला बांधून ठेवतो म्हणून सांगितलं.

निघायच्या दिवशी धक्क्यावरून मचव्यात बसून मोठ्या बोटीकडे निघालो. तू धक्क्याकडे तोंड करून बसला होतास. दहा हातांपलीकडचं तुला धुकट दिसायचं. आय बोचकी सांभाळत बोटीकडे तोंड करून बसली होती.

"आलाय का गो तो?" तू मला विचारलंस.

"न्हाय बाबा."

"नीट बघ."

"बघितलं. न्हाय आला."

तू सुस्कारा सोडलास आणि म्हणालास, "रमला तिकडं. बरं झालं." घरी आल्यावरही जो भेटेल त्याला तेच सांगायचास, "शाना होता, लगेच रमला." मरेपर्यंत सांगितलंस, आणि सांगताना तुझा चेहरा निवलेला असायचा.

बाबा, ते आलं होतं. गळ्यात तुटलेला दोर होता. धक्क्याच्या शेवटच्या पायरीवर पाण्यात पाय बुडवून उभं होतं. भुंकत नव्हतं. मचवा वळेपर्यंत माझ्याकडेच बघत होतं. आला म्हणाले असते तर तू मचवा मागे फिरवला असतास, बोट गेली असती, आणि तू जाऊ दिली असतीस, हे मला पक्कं ठाऊक होतं. तुला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलले, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. मला घरी यायचं होतं, एवढंच.