भाकरी परत फिरवायची नाही

प्रिय शांता,

तू असतीस तर पत्र लिहायची वेळच आली नसती. सरळ तुला गाठलं असतं आणि मन मोकळं केलं असतं. आज पंचायतीतून तणतणत घरी आले. हे बाजाराला गेलेत घोडेगावला. मग म्हटलं, जिचं भांडण तिलाच सांगावं.

झालंय असं, की गावाचे नियम पंचायतीच्या भिंतीवर रंगवायचं ठरलंय. गावात कुणी कुणाशी भेदभाव करायचा नाही म्हणून आपण पंचांनी बसून लिहिलेले, ग्रामसभेने मंजूर केलेले, तेच. उद्या पेंटर येणार. नवे ग्रामसेवक भाऊसाहेब कागद वाचून म्हणाले, "पहिले चार ठीक आहेत. पाचवा काही कायद्यासारखा वाटत नाही. भिंत पण पुरायची नाही. गाळू या." पाचवा म्हणजे तुझा, शांता! गाळू या म्हणे!

तो नियम झाला तो दिवस आठवतो का तुला? राखीव जागांमुळं आपण दोघी नव्यानं पंच झालो होतो. तू बौद्धवस्तीतून, मी मळ्यातून. सतरंजीच्या टोकाला चिकटून बसायचो आणि पदर सावरण्यातच अर्धी मीटिंग जायची. पुरुषमंडळींनी नळाचं लिहिलं, हॉटेलातल्या कपबशीचं लिहिलं, पंगतीचं आणि स्मशानाच्या वाटेचंही लिहिलं. सगळे स्वतःवर भलतेच खूश होते. आणि तू खाली मान घालून म्हणालीस, "अजून एक ऱ्हायलंय."

"नळावर येऊ द्याल, पंगतीत बसवाल. समदं तुमी देनार आन आमी घेनार. आमच्या हातचं तुमी कवा घेनार?"

तू पुढं सांगितलंस, मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे पिठलं-भाकरी नेतात. पण ती ज्याची त्याच्या जातीतूनच जाते. तर लिहा, मयताच्या घरी गावातल्या कुठल्याही घरची भाकरी जाईल. तेव्हाचे ग्रामसेवक भाऊसाहेब लिहीत होते, तेवढ्यात तू हात वर केलास. "आन ती परत फिरवायची न्हाई, हे बी लिव्हा." सगळे हसले. बायकांचा एक नियम असू द्या, म्हणून मंजूर झाला.

मीही हसले होते, बरं का. मला तरी कुठं वाटलं होतं, तो पहिल्यांदा माझ्याच दारात येईल?

मामंजी गेले तेव्हाचं सांगते. ओसरीवर भावकीतल्या बायका दाटीनं बसलेल्या, आणि तू डोक्यावर टोपलं घेऊन सरळ आत आलीस. आत्याबाईंचा, माझ्या सासूबाईंचा, स्वभाव तुला माहीत होताच. तुझ्या हातून पाण्याचा तांब्या न घेणारी बाई! तू त्यांच्यापुढं टोपलं ठेवलंस आणि शेजारी बसलीस. आत्याबाईंनी तुझ्याकडे पाहिलं, टोपल्यावरचं फडकं बाजूला सारलं. मग भाकरी मोडली, पिठल्याला लावली, खाल्ली आणि म्हणाल्या, "मीठ कमी हाय."

रडारडीच्या घरात मला हसू फुटलं. तुलाही फुटलं होतं, पदर तोंडात कोंबलास ते मी पाहिलं. आणि मीठ खरंच कमी होतं, शांता. तुझ्या हाताला मिठाचा अंदाज कधी आलाच नाही!

पण तू लबाड. आजार अंगावर काढलास, आम्हाला कळू दिला नाहीस. पंचायतीत सगळ्यांशी भांडायचीस, स्वतःसाठी एकदा दवाखान्यात जायला काय झालं होतं? मला तुझा अजून राग येतो. राग येतो आणि मग तुझी फार आठवण येते.

तू गेलीस त्या दिवशी काय झालं ते तुला कुणी सांगितलं नसेल. मी भाकरी करायला बसले, तर आत्याबाईंनी मला काटवटीपासून उठवलं. भाकरी त्यांनी थापल्या, पिठलं त्यांनी केलं आणि टोपलं घेऊन निघाल्याही त्याच. मी मागं मागं.

दारात तुझा दीर अशोक उभा. सुप्याच्या कंपनीतून तसाच आलेला, डोळे लाल. म्हणाला, "जित्ती हुती तवा तिच्या दाराला कवा आला न्हाई. आता कशाला?" काय चुकलं त्याचं? मला तर मान वर करवेना. पण आत्याबाई हलल्या नाहीत. म्हणाल्या, "खरं हाय बाबा तुजं. पर हे टोपलं मी माघारी न्हेनार न्हाई. तुज्या वैनीचाच कायदा हाय तसा."

अशोक दारातून बाजूला झाला आणि म्हणाला, "मंग भायेर का उभ्या? आत या."

तुझ्या घराचा उंबरा आत्याबाईंनी त्या दिवशी पहिल्यांदा ओलांडला, गं. तुझ्या मुलीला मांडीशी घेतलं, भाकरीचा तुकडा तिच्या तोंडाशी धरला आणि म्हणाल्या, "खा बाय. मीठ बराबर घातलंय." पोर खाता खाता रडली. आम्ही सगळेच रडलो. तू मात्र तेवढी नव्हतीस.

आणि भाऊसाहेब म्हणतात, हा कायद्यासारखा वाटत नाही!

आत्याबाईंना मघाशी सांगितलं, तर काठी शोधायला लागल्यात. उद्या पेंटरसमोर खुर्ची टाकून बसणार म्हणतात. मीही बसणार आहे. शांता, तुला शब्द देते, भिंतीवर पहिला ब्रश तुझ्या पाचव्या नियमावरच फिरेल. जागा कमी पडली, तर वरचे चार बसतील दाटीवाटीनं.

तुझ्या हातची अळणी भाकरी पुन्हा मागणारी,
तुझीच सुमन