बेड तीन आणि बोर्डावरचं शून्य

२ जून, सकाळी
आजपासून आयसीयूत एकाही पेशंटची शीर सुजणार नाही. सलाईनची सुई तीन दिवसांनी बदलायची, पट्टीवर तारीख टाकायची, दर ड्युटीला हात बघायचा. भिंतीवर बोर्ड लावला : ‘सुजलेल्या शिरा – ०’. अख्ख्या दौंडात असं कुणी केलेलं नाही. इनचार्ज असावा तर असा.

५ जून
स्टाफला शिस्त नाही. सिस्टर प्रांजलनं दोन लाल हात दाखवले. एकाला डास चावलेला. दुसरा माणूस मुळातच लालबुंद. बोर्ड ०.

११ जून
मोठे डॉक्टर बोर्डावर खूश. म्हणाले, महिनाभर शून्य टिकवा, शाल-श्रीफळ देतो. हिला सांगितलं. ही म्हणाली, आधी घरातला मिक्सर बघा. कठीण आहे.
नवा नियम : माझ्या सहीशिवाय सूज लिहायची नाही. मी सही करत नाही.

२७ जून
आईला कासुर्डीहून आणलं. न्यूमोनिया. बेड तीन. सुई मीच घातली, एका झटक्यात. आई शेजारच्या बेडला सांगत होती, ह्यो माझा सुदर्शन, हितला सायेब हाय. बरं वाटलं.

३० जून
आईची सुई बदलायचा दिवस. शिरा बारीक, म्हातारीला परत टोचायचं कशाला? पट्टी तेवढी नवी लावली, वर आजची तारीख टाकली. आईवरची माया, दुसरं काय.

१ जुलै, दुपारी
आई म्हणते, हात लई ठणकतोय. सांगितलं, आपल्याकडं शिरा सुजत नाहीत, बोर्ड बघ. तिला वाचता येत नाही, पण शून्य कळतं. हात पदराखाली घेतला.
प्रांजल म्हणाली, शीर दोरीसारखी लागतेय, सुई काढू का? झापली. उद्या सत्कार. परवा काढू.

२ जुलै
शाल मिळाली, आयसीयूतच, बोर्डाखाली! फोटोत मागं आई आलीय, हात पदराखाली घेऊन, तोंड वाकडं करून. स्टेटसला ठेवताना क्रॉप केली.

३ जुलै
आईला थंडी वाजून ताप. पट्टी काढली. कोपरापर्यंत लाल, सुईच्या भोकातून पू. मोठ्या डॉक्टरांनी पट्टीवरची तारीख वाचली, मग केसपेपर वाचला : सुई २७ जूनचीच. आईला पुण्याला हलवलं.

६ जुलै, पुणे
हात चिरावा लागला. तीन बोटं वाकत नाहीत. गावी शेवंतीची फुलं तोडायला जायची, ती तोडणी संपली तिची.
प्रांजलचा फोन. बोर्डावर १ लिहिलाय, सही राहिलीय म्हणे. दौंडला गेल्यावर बघू.
इथल्या डॉक्टरांनी आईला विचारलं, एवढं दुखत होतं तर परत बोलला का नाहीत? आई म्हणाली, लेकाचं शून्य मोडलं असतं.
मी तिथंच उभा होतो.