स्टार्टरच्या मागचा ओघळ

बाबा, तुमचा ट्रक मी धुतला. सगळा नाही, नुसतं इंजिन. तुम्ही गेल्याला बारा वर्षं झाली आणि तेवढीच वर्षं तो घराच्या बाजूला फणसाखाली उभा आहे. खाणी बंद पडल्या तेव्हा डिचोलीत दर दुसऱ्या घराशी असा एक ट्रक उभा राहिला होता, लोकांनी त्यांच्यावर दोडक्याचे वेल चढवले. आता खाणी थोड्याथोड्या सुरू होताहेत, पण आपल्या ट्रकाकडे कोणी ढुंकून बघणार नाही. दादाने भंगारवाल्याला सोमवारी यायला सांगितलं होतं. मी म्हटलं, जाऊ दे त्याला, पण इंजिन धुतल्याशिवाय मी तो दारातून हलू देणार नाही. दादा हसला. "भंगारात जातल्याक आंघोळ कित्याक गो?" मी म्हटलं, "माणसाक घालतत मा?" 

खरं कारण मी त्याला सांगितलं नाही. तुमची ती शेवटची खेप माझ्या डोक्यात होती. खाणीचा माल भरून आमोण्याच्या नदीवरच्या धक्क्याकडे जाताना चढावर गाडी उकळली, रस्ता वाफेने भरला, आणि मागे ट्रकांची रांग अडकली. चाळीस वर्षं तुम्ही गाडी चालवली, पण त्या दिवसापासून तुमची ओळख एकच उरली, पाणी न बघता गाडी काढणारा म्हातारा. पुढच्याच आठवड्यात खाणी बंद झाल्या, इंजिन कोणी उघडलंच नाही, आणि तुम्ही जे अंथरूण धरलं ते धरलंच. तुमच्या बाराव्याच्या पंगतीतसुद्धा एकाने ती गोष्ट हसत हसत सांगितली. मी त्याच पंगतीत खीर वाढत होते. त्याला वाढली नाही, पुढे गेले.

इंजिन धुणं हा आता माझा धंदा आहे, हे तुम्हाला ठाऊक नाही. बसस्टँडच्या पलीकडे माझं दुकान आहे. मोरजीच्या किनाऱ्यावरून भाड्याच्या गाड्या येतात, बॉनेट उघडलं की आत वाळू आणि खाऱ्या वाऱ्याने पांढरे पडलेले नटबोल्ट. माझ्या हाताखाली दोन बायका आहेत, आणि त्यांना मी जे शिकवते ते सगळं तुमचंच आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपण दोघं ट्रकाचं बॉनेट उघडून बसायचो. पहिल्या वर्षी मी उत्साहाने गरम इंजिनावर पाइप धरला आणि तुम्ही माझ्या हातातून तो हिसकावून घेतलात. "आधी थंड होवंदे. तापलेल्या माणसाच्या अंगार कोण पाणी ओतता?" मी रडले. संध्याकाळी तुम्ही माडाच्या झावळीच्या देठाची एक चपटी पट्टी तासून मला दिलीत, लोखंडाला ओरखडा न काढता माती खरवडायला. अशा पट्ट्या मी अजून तासते. गिऱ्हाइकं प्लॅस्टिकचं सामान घेऊन येतात आणि माझ्या हातात झावळी बघून त्यांना हसू येतं. काम झाल्यावर हसत नाहीत.

बाकीचे ड्रायव्हर इंजिन धूत नसत. खाणीची तांबडी धूळ तेलात बसून तिचा जो थर होतो, तो इंजिन धरून ठेवतो असं त्यांचं म्हणणं. तुम्ही मात्र दर दसऱ्याला धुतलंत. फक्त त्या शेवटच्या दसऱ्याला नाही, कारण दादाला मुलगी झाली होती आणि घरात सोयर होतं. पूजा नाही म्हणून धुणंही नाही. आपल्या घरात धुणं हा पूजेचाच भाग होता, ते वेगळं करता येतं हे तुमच्या मनात आलं नाही, माझ्याही नाही. पुढच्या दसऱ्यापर्यंत गाडी चालती राहिली नाही.

तर तीन दिवस लागले. आधी बॅटरीच्या वायरी सोडवल्या, अल्टरनेटरला आणि हवेच्या तोंडाला पिशव्या बांधल्या. उंदराचं घरटं निघालं, सापाची कात निघाली. मग रॉकेल लावून रात्रभर भिजू दिलं आणि सकाळी पट्टीने सुरुवात केली. थर सुटू लागला, करपलेल्या भाताची खरड सुटते तसा, आणि खालून तुमच्या इंजिनाचा हिरवा रंग दिसला. खोटं कशाला सांगू, तेव्हा मला भरून आलं. तिसऱ्या दिवशी स्टार्टर काढला. त्याच्या मागे इंजिनाच्या ब्लॉकला पत्र्याची वाटीसारखी टोपी बसवलेली असते, पाण्याची वाट बंद करणारी. आम्ही तिला डमी म्हणतो. तिथला थर विटेसारखा घट्ट होता. तो निघाला तेव्हा डमीपासून थेट खाली गंजाचा जाड ओघळ दिसला. मी सुई लावली, ती आरपार गेली. मोहरी जाईल एवढं भोक. सकाळी रेडिएटर तोंडापर्यंत भरला असता तरी चढाला लागेपर्यंत सगळं पाणी इथून गेलं असतं, आणि त्या थरामागे ते ब्रह्मदेवालाही दिसलं नसतं. सगळेच ड्रायव्हर खाणीखालून वाहणाऱ्या व्हाळाचं तांबडं पाणी भरायचे, त्या पाण्यानेच पत्रा आतून खाल्ला.

मी तशीच, हात न धुता, तुमच्या त्या जुन्या दोस्ताकडे गेले, जो रांगेत तुमच्या मागे होता आणि ज्याने गोष्ट गावभर केली. तो काठी टेकत माझ्याबरोबर ट्रकापाशी आला. डोळ्यांवर हात धरून वाकला, मी सुई पुन्हा घालून दाखवली. बराच वेळ त्याने नखाने तो ओघळ खरवडला. "ह्यां आमका कोणाकच दिसूक नाय गो," म्हणाला. मी म्हटलं, "दिसूक नाय ता ठीक. बोललात कित्याक?" तो खाली बसला. "चुकलंव. आता मियांच सांगतंय सगळ्यांक." आणि सांगितलं हो त्याने. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलातला चहा टाकून चार म्हातारे आपल्या दारात आले, एकेकाने वाकून बघितलं. एकाने इंजिनाला हात लावून तो कपाळाला लावला. दादा घरातून खुर्च्या आणत होता.

सोमवारी दादा म्हणाला, ठेवूया काय गाडी? मी नको म्हटलं. लोखंड किती वर्षं सांभाळायचं? स्वच्छ इंजिनाचा तुमचा ट्रक भंगारवाल्याच्या गाडीमागून फणसाखालून निघाला, आणि मी रस्त्यापर्यंत त्याच्याबरोबर चालत गेले. एवढा अभिमान मला माझ्या दुकानाचाही कधी वाटला नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, दुकानाच्या खणात राहील. पण एक राहिलं. गाडी उकळली त्या दिवशी घरी येऊन तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात बसलात आणि फक्त मलाच म्हणालात, "मियां पाणी घातलेलंय गो बाय. काठोकाठ." मी पेज गाळत होते. "बरां बाबानू, जेवा आता," म्हटलं, लहान पोराची समजूत घालतात तसं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि तो विषय पुन्हा कधी काढला नाहीत. लोकांचं बोलणं तुम्ही सोसलं असतं. बाबा, मलाही वाटलं होतं की तुम्ही पाणी घालायला विसरलात.