उत्तर नको असलेले प्रश्न

१० नोव्हेंबर, रविवार

ढग नऊच का? कुणी मोजले? जळगावहून परतताना एसटीच्या खिडकीतून मी आठ मोजले. नववा शोधता शोधता धरणगाव आलं! शालिग्राम सर म्हणाले, 'ऑन क्लाउड नाइन' म्हणजे आनंदाने हवेत. क्लासमध्ये आज असे अठरा वाक्प्रचार दिले. सगळे निबंधात घातले की बंगळुरूवाले खुर्चीवरून पडतीलच!

११ नोव्हेंबर

निबंधाचा विषय इथे लिहून ठेवते, धाक राहील: 'आम्ही तुम्हालाच का निवडावं?' इंग्रजीत, सहाशे शब्द. सोबत पालकांचं पत्र, कोणत्याही भाषेत. अर्ज सरांच्या क्लासमधूनच जाणार. मुदत १५ डिसेंबर. निवड झाली तर वर्षभर बंगळुरूला राहून शिक्षिकेचं प्रशिक्षण. वयाची अट सव्वीस, आणि मार्चमध्ये मी सत्ताविसात जाते. म्हणजे ही एकच संधी.

अर्जात एक चौकोन आहे — 'शिक्षणात खंड असल्यास कारण द्या.' माझा चार वर्षांचा. बी.ए.नंतर धुळ्याला एम.ए.ला नंबर लागला होता. गेले नाही. मलाच नको होतं. सगळ्यांना हेच सांगितलंय. आता इंग्रजीत सांगायचं, एवढंच.

१७ नोव्हेंबर, रविवार

'द एलिफंट इन द रूम'. खोलीतला हत्ती — सगळ्यांना दिसतो, पण कुणी त्याचा विषय काढत नाही. दिवसभर हा हत्ती डोक्यातून जाईना. आमच्या घरात मावेल कुठे? पुढे अब्बांचं दुकान, कापूस पिंजायचं मशीन, गाद्यांची थप्पी. मागे एकच खोली. मशीनशेजारी बसवला तर कापूस उडून पांढरा होईल बिचारा. अब्बा त्याला वळसा घालून नमाजला जातील, अम्मी त्याच्या सोंडेवर कपडे वाळत घालेल...

दूध उतू गेलं. अम्मीने केवढा आरडाओरडा केला!

२१ नोव्हेंबर

आज फक्त स्वप्नं. अभ्यास शून्य. बंगळुरूला माझी एक खिडकी होती आणि बाहेर जांभळ्या फुलांचं झाड.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज रेटॉरिकल क्वेश्चन. म्हणजे उत्तर नको असलेला प्रश्न. सर म्हणाले, "असा विचारायचा, की वाचणाऱ्याने मनातल्या मनात मान डोलावली पाहिजे. उत्तराची वाट बघायची नाही."

मला फार आवडलं हे. येताना बस पाळधीला उभी ती उभीच. कंडक्टरला म्हटलं, "अशाने ही बस धरणगावला पोचणार तरी कधी?"

"पावणेसहाला," तो म्हणाला.

१ डिसेंबर, रविवार

निबंध दाखवला. सरांनी वाक्प्रचार मोजले — बावीस! मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "कहकशा, यात तू कुठे आहेस?"

खंडाबद्दल मी 'अ ब्लेसिंग इन डिसगाइज' लिहिलं होतं. वेष पालटून आलेलं वरदान. त्याखाली त्यांनी पेन्सिलीने रेघ मारली. "हे खरं आहे?" मी हो म्हटलं. बसमध्ये रडू आलं. का, ते माहीत नाही.

७ डिसेंबर

पालकांचं पत्र मीच लिहिलं, अब्बांच्या नावाने. झकास इंग्रजी! अब्बांनी नुसती सही करायची होती. तर म्हणाले, "मला समजेल असं वाचून दाखव."

वाचलं. 'असा कोण बाप असेल, ज्याला शिकणाऱ्या मुलीचा अभिमान वाटणार नाही?'

"आहेत की," अब्बा म्हणाले. "याच गल्लीत दोन दाखवतो."

"अब्बा, उत्तर द्यायचं नसतं!"

"मग विचारायचं कशाला?"

पुढचा वाचला. 'अशा मुलीच्या वाटेत कोण उभं राहील?' यावर मात्र अब्बा चष्मा काढून पुसत बसले.

तेवढ्यात मोतीबाई जुनी गादी घेऊन आल्या. आमच्याकडे गादी गिऱ्हाइकासमोरच उसवतात. त्याचाच कापूस पिंजायचा, त्याच्यासमोरच भरायचा. दुसऱ्याचा मूठभर मिसळला तरी अब्बांना ते चालत नाही. मोतीबाई भरून होईपर्यंत तिथेच बसल्या. तरी सगळा कापूस आपलाच आहे ना, हे जाताना विचारलंच, "हबीबभाऊ, बठ्ठा मनाच शे ना?"

"बठ्ठा तुमनाच शे, अक्का!"

त्या गेल्यावर अब्बांनी माझं पत्र परत दिलं. "यातला कापूस माझा नाही, बेटा." सही केली नाही.

मी भडकले. "मग तुमचा तुम्ही भरा!" असं कधी बोलले नव्हते त्यांना. वाईट वाटतंय.

८ डिसेंबर, रविवार

निबंध फाडला. नवा लिहिला. गल्लीतल्या मुली संध्याकाळी दुकानात गाद्यांच्या थप्पीवर बसून माझ्याकडे गणितं शिकतात, ते लिहिलं. वाक्प्रचार एकही नाही. प्रश्न एकच. चौकोनात साधंच: त्या वेळी मला पुढे शिकायचं नव्हतं. सरांनी वाचलं आणि ठेवून घेतलं.

१३ डिसेंबर

दोन दिवस उरले. अब्बा पत्राचं नाव काढत नाहीत, मीही काढत नाही. आज जुम्म्याच्या नमाजनंतर एकटेच जळगावला गेले. मशीनचा पट्टा आणायचाय म्हणाले. पट्ट्याशिवाय परत आले.

पत्र नसेल तर अर्ज बाद. म्हणजे बंगळुरू संपलं. आज मी खिडकीबाहेर कुठलंच झाड लावलं नाही.

१५ डिसेंबर, रविवार

जळगाव बसस्थानकावर बसून लिहितेय. दोन बस सोडल्या. लोक बघतायत, बघू देत.

अर्जाला जोडायला सरांनी ड्रॉवरमधून पाकीट काढलं. "शुक्रवारी तुझे वडील देऊन गेले. तू वाचलेलं बरं." आत वहीचं एक पान. अब्बांचं मोठमोठं अक्षर, मराठी:

'एम.ए.ला जायला मुलगी रडली होती. मी जाऊ दिलं नाही. भाईबंद काय म्हणतील, याला भ्यालो. तेव्हापासून ती सगळ्यांना सांगते की तिलाच नको होतं. मी ऐकत आलो, गप्प राहिलो. ती चार वर्षं माझ्या नावावर लिहा. काही विचारायचं असेल तर तिला नको, मला विचारा.'

खाली सही, आणि दुकानाचा नंबर.