नावाडीण कुणी लिहिली

३ मार्च २०२५, सोमवार

"लेखक – अज्ञात. नक्कल – अज्ञात." असं छापणार म्हणे! आणि आमच्या चुआ आँटींनी थँक्यू म्हणून फोन ठेवला. मी शेजारीच बसले होते. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

आँटी समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. वय ब्याऐंशी. आम्ही सिंगापूरला, यिशुनमध्ये राहायला आलो त्याला चौदा वर्षं झाली, तेव्हापासून माझं मोडकंतोडकं मँडरिन त्यांनीच वळणावर आणलं. त्यांचे वडील, चुआ बून हाय, नदीकाठी गोष्टी सांगायचे. उदबत्ती पेटवायची, ती विझेपर्यंत गोष्ट. ऐन रंगात आली की थांबायचं, उरलेलं पुढच्या उदबत्तीला. त्यांच्या तीन वह्या आँटींनी लायब्ररीला दिल्यात. एप्रिलमध्ये प्रदर्शन आहे. आँटींची इच्छा एवढीच, की काचेमागच्या पाटीवर वडिलांचं नाव यावं. त्यांचा फोटोसुद्धा नाही कुणाकडे.

लायब्ररीतल्या तानचं म्हणणं, ह्या वह्या म्हणजे एका जुन्या छापील कादंबरीची नक्कल. नुसत्या नकलेवर नाव घालता येत नाही.

बघतेच मी.

५ मार्च

सापडलं!! झेरॉक्स घेऊन बसले होते. प्रत्येक उदबत्तीच्या शेवटी चार ओळींचं पद्य आहे आणि शेवटच्या ओळीत एक नाव. दर वेळी तेच – आ-हॉक. अहो, शेवटच्या ओळीत नाव म्हणजे कवीचंच! आपले सगळे अभंग असेच संपतात. हे वडिलांचं टोपणनाव असणार. तानला लांबलचक ईमेल केली. अभंगाची पद्धतही समजावली. आमचा नवरोबा विवेक म्हणाला, आधी आँटींना विचार. ह्याला प्रत्येक गोष्टीत ब्रेक लावायचा असतो.

७ मार्च

तोंडावर आपटले.

आ-हॉक हा कॉफीवाला! वडील बसायचे त्या जागेशेजारीच त्याची टपरी होती. रोज फुकट कॉफी द्यायचा, म्हणून पद्यात त्याचं नाव. आँटी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. आणि मी त्याला कवी करून लायब्ररीत लेखी कळवून बसले!

८ मार्च

दिवसभर कुणाशी बोलले नाही. विवेकशी तर नाहीच.

११ मार्च

तानला जाऊन भेटले. माफी मागायला गेले होते, तर त्यानेच चहा पाजला. म्हणाला, चीनच्या जुन्या कादंबऱ्यांत लेखक शोधायचा म्हणजे सगळ्यांचीच फजिती. त्या मुळात बाजारात सांगितल्या गेल्या. कुणीतरी कित्येक वर्षं सांगायचं, मग कुणीतरी लिहायचं, आणि छापताना तिसराच कुणीतरी दोन-चार प्रकरणं घुसडायचा. विद्वानांच्या लेखी कादंबरी म्हणजे हलकं काम. नाव दिलं तर अब्रू जायची, म्हणून टोपणनावं. शंभर-शंभर प्रकरणांची कादंबरी, आणि लिहिली कुणी ह्यावर अजून भांडणं चालू! ह्या वह्यांतली सेनापतीची कादंबरीही तसलीच.

मी विचारलं, मग माझ्या म्हाताऱ्या कथेकऱ्याने काही घुसडलं असेल तर?

म्हणाला, "दाखवा. छापील पुस्तकात नसलेलं एक पान दाखवा, मी नाव घालतो." पाट्या एक तारखेला छापायला जाणार.

नसलेलं शोधायचं! अरे बाबा, वीस वर्षं मी दुसरं काय करतेय? बुओना व्हिस्टाच्या ऑफिसात रोज हेच. प्रोग्रॅमची जुनी आवृत्ती डावीकडे, नवी उजवीकडे, आणि काय बदललं ते हुडकायचं.

१६ मार्च, रविवार

आ-हॉकची चार-चार ओळींची पद्यं तान धरायला तयार नाही; ती सोडली तर पहिली वही छापील पुस्तकाशी शब्दन् शब्द जुळते. दुसरीही. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. कंबरेचे टाके ढिले झाले.

जाई तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "ममा, गिव्ह अप लाह." माझ्या पोटची पोर, आणि हे बोलते!

२२ मार्च

तिसरी वही जुळत नाही!!

एकही ओळ जुळत नाही. छापील पुस्तकात सेनापती नदीपाशी येतो आणि पुलावरून पलीकडे जातो. वहीत पूलच नाही. तिथे एक नावाडीण आहे. ती त्याला सांगते, तलवार काठावर ठेव, मग नावेत पाय टाक. तो चिडतो. ती म्हणते, मग पोहून जा. आणि भरल्या अकरा उदबत्त्या हे दोघं नदी काही ओलांडत नाहीत! ती त्याला राबवते, वल्हं मारायला लावते, त्याच्या पराक्रमाच्या बढाया ऐकताना जांभया देते. मी डिक्शनरी घेऊन बसले होते, तरी एकटीच खिदळत होते. चार वेगवेगळ्या आवृत्त्या तपासल्या. नावाडीण कुठेच नाही.

तानला सगळा तक्ता पाठवला. ह्या वेळी आँटींना विचारून!

२५ मार्च

तानचं उत्तर आलं. छान आहे, पण हे एखाद्या हरवलेल्या आवृत्तीतून आलेलं असू शकतं. चीनमधून बोटीने कितीतरी पुस्तकं आली, सगळी कुठे टिकलीत? हे इथेच रचलं असं सिद्ध करायला हवं.

मनात त्याला दोन सणसणीत शिव्या घातल्या. पण खरं सांगायचं तर त्याचं चुकलेलं नाही. मीही अर्धवट पुराव्यावर सही केली नसती.

२९ मार्च, शनिवार

जिंकले! जिंकले! जिंकले!

सातवी उदबत्ती. नावाडीण सेनापतीला जेवायला म्हणून एक फळ फोडून देते. बाहेरून काटे, आत पिवळे मऊ गरे, आणि वास असा की काठावरचे घोडे दावं तोडून पळतात. सेनापती नाक दाबून एक गरा खातो आणि मग सगळंच फळ फस्त करतो.

ड्युरिअन! उत्तर चीनच्या बर्फातल्या सेनापतीला ड्युरिअन खायला घातलंय! आणि पुढच्याच पानावर भरतीच्या वेळी नदी उलटी वाहते, आणि होड्यांच्या नाकाडांवर डोळे रंगवलेत. ही आपल्या सिंगापूरचीच नदी आहे, दुसरी कुठली?

तानला फोन केला. तो इतका हसला की शेजारचं कुणीतरी त्याला दटावताना मला ऐकू आलं. म्हणाला, "क्षिप्रा, हे इथलंच. नाव घालतो."

धावत आँटींकडे गेले. त्यांनी माझे दोन्ही हात धरले, बराच वेळ सोडले नाहीत. उद्या पाडवा. त्यांच्यासाठी श्रीखंड जास्तीचं करते.

५ एप्रिल, शनिवार

प्रदर्शन उघडलं. पाटी अशी आहे – "मूळ कादंबरी : लेखक अज्ञात. नावाडिणीची अकरा सत्रं : चुआ बून हाय, कथेकरी, सिंगापूर." आँटींनी काचेवर बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. जाई मला मिठी मारून रडली. विवेकने सात फोटो काढले, सातांत माझे डोळे मिटलेले. असू देत! आज मी जमिनीवर नाही.

६ एप्रिल

सकाळी आँटी आल्या. दार लावून घ्यायला सांगितलं.

म्हणाल्या, "बाबांना वाचता येत नव्हतं. पुस्तक उसनं आणलेलं. मी रोज उतरवून घ्यायची आणि दुपारी त्यांना वाचून दाखवायची, मग ते नदीवर जाऊन सांगायचे. मालकाने पुस्तक मध्येच परत नेलं. माणसं तर गोष्टीसाठी येणारच होती. मी कोरी वही समोर धरली आणि वाचायला लागले; रात्री तेच वहीत उतरवून ठेवायची. बाबांना वाटलं, पुस्तकातच आहे."

मी पाटी बदलू म्हटलं. त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं, पाटीला हात लावायचा नाही. तिथे नाही लावणार. इथे लिहिते –

नावाडिणीची अकरा सत्रं : लेखिका, चुआ स्यू लान. वय वर्षं बारा.